वामेच्या पोटातली अंडी

त्या वर्षांत आमच्या गावात कोणी अनोळखी माणूस वही घेऊन आला, की मी आधी त्याच्या चपला बघायचे. गाडीतून उतरलाय की एसटीनं आलाय, ते चपला सांगतात. कापसाचं सगळं फिसकटलं होतं. कोणी बियाणं खपवायला यायचं, कोणी पाहणी करायला, कोणी नुसतीच सही घ्यायला. आम्ही भोई, पैनगंगेत मासे धरायचे आणि हंगामात लोकांच्या शेतात कापूस वेचायचा. वेचणी बुडाली आणि घर एकट्या नदीवर आलं. त्यातही मोठ्या वामेवर. सापासारखी लांब ही मासोळी उमरखेडच्या बाजारात हातोहात जायची.

तो माणूस आला गोदावरीच्या मुखाकडून, आमच्या पैनगंगेचं पाणी शेवटी जिथे समुद्राला मिळतं तिथून. चपला फाटक्या होत्या, त्यामुळे मला जास्तच संशय आला. मोडक्या हिंदीत तो सांगू लागला. म्हणे, वाम तुमच्या नदीत वाढते, पण अंडी घालायला समुद्रात जाते आणि तिथेच मरते. तिची पिल्लं आमच्या खाडीतून वर चढत तुमच्यापर्यंत येतात. खाडीत कोळंबीचं बी, म्हणजे बारीक पिल्लं, जाळीनं गाळणाऱ्या बायकांनी त्यात आलेली वामेची पिल्लं सोडायचं कबूल केलंय. तुम्ही भादव्याच्या पुरात खाली निघालेल्या मोठ्या वामा सोडा. दोन्ही टोकांनी सांभाळलं तरच ती टिकेल.

मला हसूच आलं. "अन् मधातला सहस्रकुंडचा धबधबा? थे काय शिडी लावून चढते?" मी सासऱ्यांना विचारलं, त्यालाही ऐकू जाईल असं. पिल्लं ओल्या दगडाला चिकटून चढतात, तो म्हणाला. उत्तर तयारच होतं याच्याकडे.

"मामाजी, आज म्हनते मासोळी आमच्या समुद्राची, उद्या म्हनन नदीबी आमचीच. आपन सोडाची अन् यायनं खाली बसून खाची!"

आमच्यात नियम आहे, पोटात अंडी असलेली मासोळी परत पाण्यात सोडायची. वामेला तो कधी लागलाच नाही. लग्न होऊन आल्यापासून मासे चिरायचं काम माझं. इतक्या वामा चिरल्या, एकीच्याही पोटात अंडं दिसलं नाही. सासरे म्हणाले, "आपल्याले दिसत नाई, पन कुठंतरी घालतच असन ना थे." आणि त्यांनी ओंजळीत नदीचं पाणी घेऊन त्याला शब्द दिला.

भादव्यात पूर आला आणि नवऱ्याच्या जाळ्यात मनगटाहून जाड वाम सापडली. सासऱ्यांचा पाय सुजला होता. "तू सोडून ये," त्यांनी मला सांगितलं. ओल्या पोत्यात घालून मी ती काठावर नेली. घरात दोन दिवस कोरड्या भाकरी चालल्या होत्या, आणि ही सोडली तर खालच्या गावात कोणीतरी धरणारच, याची मला पक्की खात्री होती. बाभळीआड बसून मी ती चिरली. पोट नीट उघडून बघितलं. अंडी नव्हती. लबाड मेला, म्हटलं, आणि बाजार गाठला.

पुढच्या वर्षी तो परत आला. सासऱ्यांनी छाती काढून सांगितलं, "सोडली. आमच्या सुनेनं सोताच्या हातानं सोडली."

कुठे सोडली, किती मोठी होती, कोणी पाहिली, सगळ्याची उत्तरं मी जुळवून ठेवली होती. त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. मला त्याचा रागच आला. इतका भोळा माणूस असतो का कुठे?

तो म्हणाला, खाडीतल्या बायका दोऱ्याएवढी पिल्लं एकेक वेचून पाण्यात सोडतात. पण दर वेळी विचारतात, वरचे लोक खरंच सोडतात, की आम्हालाच येडं बनवतात? आता त्यांना सांगतो, तिकडे एका बाईनं स्वतः सोडली. सांगू ना?

सासरे माझ्याकडे कौतुकानं बघत होते.

"सांगा," मी म्हणाले.