ताईंच्या पायातला पाहुणा

ताई झोपेतच गेल्या, हे कळलं तेव्हा मी पादरा गावी, माहेरी होते. शेजारच्या दुकानातल्या फोनवर ताईंचा मुलगा, माझा पुतण्या, बोलत होता, आणि मला एवढंच सुचलं, आता बडोद्याला कोणाच्या मागून चालायचं... ताई माझ्या थोरल्या जाऊबाई. मी चौथी शिकलेली, लाजरी. कारेलीबागेतल्या भाजीवाल्याशीही माझ्याच्यानं बोलवत नसे. ताई पुढे, गुजरातीत घासाघीस करत, ओळखीच्यांना 'केम छो' म्हणत; मी त्यांचा पदर बघत मागे. बाहेरचं जग मी असंच पाहिलं.

म्हणून त्यांचे पाय गुडघ्यातून बाहेर वाकले, एक पाय तर टेकवेना, तेव्हा माझंच चालणं थांबल्यासारखं झालं. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखालचं हाड कापून पाय सरळ करू, पण मधली फट भरावी लागेल. तुमच्याच कमरेचं हाड काढता येतं, मात्र तिथलं दुखणं वेगळं. कारखान्यात केलेला चुन्यासारखा तुकडा मिळतो. नाहीतर कोणी मेल्यावर दिलेलं, शुद्ध करून ठेवलेलं हाड. ताई म्हणाल्या, कारखान्यापेक्षा माणूस बरा.

बाहेर आल्यावर मात्र माझ्या कानाशी लागल्या. "शालू, त्याचं सुतक लागेल का गं मला?"

घरी भाऊजी हसले. म्हणाले, सुतक कसलं, पाहुणा राहायला येतोय. तेव्हापासून घरात त्या हाडाचं नाव पाहुणाच पडलं.

मग ऑपरेशन झालं. ताई कुबड्यांवर, आणि मी दारापर्यंत जाऊन परत येणारी. दवाखान्यात दर खेपेला पायाचा नवा फोटो काढत. पाहुण्याच्या दोन्ही कडांना काळ्या रेघा दिसत. त्या धुक्यात विरत जाव्यात तशा पुसट झाल्या, आणि एकदा तर सापडेचनात. डॉक्टर म्हणाले, दिलेलं हाड नुसती वाट दाखवतं. तुमचं हाड त्या वाटेनं वाढत येतं, आणि दिलेलं हळूहळू विरून जातं.

ताईंना आनंद व्हायला हवा होता. पण रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "म्हणजे तो माझ्यात पुन्हा मेला."

त्या सरळ चालू लागल्या, मी पुन्हा मागे. पण त्या वर्षापासून सर्वपित्रीला त्याचं एक पान वाढलं जाऊ लागलं. नाव नाही, तिथी नाही. आवडही ठाऊक नाही, म्हणून ताई त्या पानावर डाळ दोन तऱ्हांची वाढत, एक गुजराती गोड, एक आपली तिखट.

गेल्या महिन्यात अस्थी घेऊन आम्ही चांदोदला गेलो. नर्मदा इतकी संथ होती की वाहते आहे असं वाटेना... ताईंचं नाव-गोत्र घेऊन झाल्यावर गुरुजींनी विचारलं, आणखी कोणी? पुतण्यानं नाही म्हणून मान हलवली. आणि सगळ्यांदेखत माझा आवाज आला,

"एक आहेत."

गुरुजींनी नाव विचारलं. ठाऊक नाही म्हटलं. गोत्र? तेही नाही. नसेल तर कश्यप धरतात, असं म्हणत त्यांनी तीळ हातात घेतले आणि थांबले. तुमचे कोण लागायचे ते?

"घरचेच," मी म्हटलं.