आप्पांनी होडीच्या इंजिनाचं सील काढलं

माझे वडील, म्हणजे आमचे आप्पा, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले आणि आईला घेऊन सोलापुरात माझ्याकडं राहायला आले. माझ्या घरात त्यांना दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं. चांगला चालणारा मिक्सरसुद्धा त्यांनी उघडून बघितला होता. त्यामुळं गेल्या हिवाळ्यात त्यांचा शाळेतला मित्र होडीचं जुनं इंजिन टेम्पोत घालून दारात उभा राहिला, तेव्हा आप्पांचा चेहरा खुलला.

हे काका उजनी धरणाच्या पाण्यावर पक्षी बघायला येणाऱ्यांना होडीतून फिरवतात. इंजिन माझ्याहून वयानं मोठं होतं. आप्पांनी खालच्या गिअरच्या डब्याचा बोल्ट सोडला, तर तेलाऐवजी ताकासारखं पांढरं काहीतरी गळालं.

"पानी शिरलंय," आप्पा म्हणाले.

होडीला ढकलणारा पाण्यातला पंखा काढल्यावर कारण दिसलं. जाळ्याचा नायलॉन दोरा पंख्याच्या दांड्याभोवती गुंडाळत आत गेला होता आणि त्यानं ऑइलसील कापलं होतं. पाणी आत येऊ नये म्हणून बसवलेली ही कडी, आतून रबर आणि बाहेरून पत्रा. ज्या ॲल्युमिनियमच्या घरात, म्हणजे गोल कवचात, ती बसते ते घर सुटून हातात आलं, पण सील काही त्यातून हलेना. काकांनी स्क्रू ड्रायव्हर घालून जोर लावला. रबर फाटून निघालं, पत्र्याची कडी आत तशीच.

"थांब गड्या," आप्पांनी त्यांचा हात धरला. "आतनं वरखडा पडला तर नवं सीलबी गळंल."

ते घर उकळत्या पाण्यात तापवायचं, म्हणजे ते फुगेल आणि कडी ढिली होईल, असं आप्पांनी ठरवलं. मी स्वयंपाकघरात मोठं पातेलं मागायला गेले.

"नळ परवा येनार हाय," आई म्हणाली. "आन् त्यात तेलकट लोखंड शिजवनार व्हय तुमी?"

"लोखंड नाही गं, ॲल्युमिनियम."

शेवटी तिनं अंघोळीचं पाणी तापवायचं जुनं पातेलं दिलं, ते परत नको असं बजावून.

पाणी उकळेपर्यंत आप्पांनी ड्रिलच्या टोकापासून जरा वर चिकटपट्टी गुंडाळली, भोक त्याहून खोल जाऊ नये म्हणून. पत्र्यात समोरासमोर दोन बारीक भोकं पाडली आणि दोन्हींत स्क्रू पिळले. मग ते घर पातेल्यात सोडलं आणि तापल्यावर चिमट्यानं बाहेर काढलं. मी जाड फडक्यात ते घट्ट धरलं, आप्पांनी पक्कडीनं एकदा हा स्क्रू ओढला, एकदा तो. काही होईना. परत पातेल्यात, परत बाहेर. तिसऱ्या खेपेला टक्कन आवाज आला आणि आप्पा पक्कडीसकट मागं फरशीवर बसले. कडी पक्कडीला लोंबत होती. आई दारातून बघत होती. सगळ्यांत आधी तीच हसली.

मापाचं नवं सील बेअरिंगच्या दुकानात मिळालं. पाईपचा तुकडा ठेवून, लाकडी हातोडीनं हलके ठोके देत आप्पांनी ते सरळ बसवलं आणि डब्यात नवं तेल भरलं. इंजिन घरातल्या पाण्याच्या पिंपात बुडवून चालवून बघू, असं काका म्हणाले, तेव्हा आई पिंपापुढं उभी राहिली.

"तितं धरनभर पानी हाय की. माझं कशाला नासवताय?"

मग रविवारी आम्ही सगळेच उजनीला गेलो. दोरी ओढून ओढून काका घामाघूम झाले, मग इंजिन धूर सोडत सुरू झालं. लांब फेरी मारून काठाला आल्यावर आप्पांनी गिअरच्या डब्याचा तोच बोल्ट किंचित सैल केला आणि तेलाचा थेंब बोटावर घेतला. स्वच्छ होता. त्यांनी तो काकांना दाखवला, मला दाखवला, आईलाही दाखवला.

आईला तेलात रस नव्हता. "मला चालवू द्या की जरा," ती म्हणाली.

काकांनी होडी वळवायचा दांडा तिच्या हातात दिला. उजवीकडं जायचं तर दांडा डावीकडं ढकलायचा, हे तिला पटेना. होडी पाण्यावर गोल गोल फिरत राहिली, कडेचे बगळे उडाले. आप्पा "उलटा, उलटा" म्हणत होते आणि ती ऐकत नव्हती.