युरिया न दिलेली तिसरी बांधी

परवा धानपट्ट्यातल्या शहापूरजवळच्या शेतात मातीचे नमुने घ्यायला गेले होते. धान कापून झालेलं, बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या भाताच्या तुकड्यांमध्ये, नुसती धसकटं उरलेली...

माझी पीएचडी याच मातीवर चालू आहे. इथल्या एका काकाजींनी आणि काकूंनी प्रयोगासाठी सहा बांध्या दिल्यात. तीन बांध्यांना नेहमीसारखा युरिया, तीन बांध्यांना अजिबात नाही.

प्रश्न साधा आहे. मातीतले सूक्ष्मजीव एन्झाइम सोडून जुनी मुळं, धसकटं कुजवतात. युरियातून आयता नायट्रोजन मिळाला की यातली काही एन्झाइम कमी होतात का, आणि मग कार्बन मातीतच जास्त दिवस साठून राहतो का... एवढंच बघायचंय.

पण पीक उभं असताना घेतलेल्या नमुन्यांनी घोळ घातला होता. युरियावाल्या बांध्यांत एन्झाइम कमी, बिनयुरियाच्या दोन बांध्यांत जास्त. तिसरी बांधीही बिनयुरियाचीच, तरी तिचे आकडे युरियावाल्यांसारखे!

मी तीनदा टेस्ट केली. तेच. गाइड सर म्हणाले, तुझा हात अजून बसलेला नाही. तेव्हापासून पिपेट हातात घेतलं तरी धाकधूक व्हायची... सगळेच आकडे चुकलेले असतील तर?

म्हणून परवा त्या बांधीतून जरा जास्तच नमुने घेत होते. काकू चहा घेऊन आल्या.

"हेच बांधी काहून घडीघडी खोदून राहिली, बाई?"

मी सांगितलं, हिचे आकडे जुळत नाहीत. सर म्हणतात, माझंच काहीतरी चुकतंय.

काकूंनी कपात चहा ओतला. माझ्या हातात दिला. मग खाली बघत म्हणाल्या, "तुझं नाही चुकलं. मीनंच टाकला होता युरिया."

मी विचारलं, का?

"पिवळं पडून राहिलं होतं ना धान. बाजूचं सारं हिरवंगार, अन् हे उपाशी लेकरावानी दिसे. मले पाहावलं नाही. ह्यायलेबी नाही सांगतलं."

कार्बनचा हिशोब काही एका हंगामात लागत नाही... आणि मध्येच युरिया पडल्यावर त्या बांधीवरची सगळी मेहनत पाण्यात. मी बांधावरच बसले.

चहा संपेपर्यंत हळूहळू दुसरी गोष्ट लक्षात आली. मला माहीत नसलेला युरिया माझ्या टेस्टनी पकडला होता. म्हणजे हात बरोबर होता!

मी काकूंना तसं सांगितलं. त्या थोडं हसल्या. "म्हणजे मातीनं चुगली केली म्हण की."

तिथूनच सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ती बांधी वगळ, पण कारण लिही. आणि हातावरून बोललो ते मी मागे घेतो."

पुढच्या खरिपात एक नवी बांधी घ्यायची ठरलंय. तिचा प्रयोग पहिल्यापासून. पीएचडी लांबणार, हे घरी अजून सांगितलेलं नाही...

काकू गप्प राहिल्या असत्या तर कुणालाच काही कळलं नसतं. मी ते आकडे खोडले असते आणि पुढची कितीतरी वर्षं स्वतःवर संशय घेत राहिले असते. माझ्यावरचा बोल काढून टाकायला त्यांनी स्वतःची चूक पुढे केली. थँक यू, काकू.