मंगळवारची तुळस

लग्नानंतरच्या पहिल्याच मंगळागौरीला मी घरची तुळस बोडकी केली. हेतू शुद्ध होता.

मी कुंभकोणमच्या एका शाळेत गणिताचा मास्तर, नोकरी अजून कच्ची. सोमवारी संध्याकाळी बायको म्हणाली, "सोळा तऱ्हेची पत्री हवी, प्रत्येकीची सोळा सोळा पानं." सोळा सोळे दोनशे छप्पन! (हिशेबात मी कुणाला ऐकत नाही.) आघाड्यापासून डाळिंबापर्यंत सगळं गोळा केलं. अंगणातली तुळस कोवळी होती. मोजली तर नेमकी सोळा पानं! केवढा आनंद झाला मला!

मंगळवारी पूजा झाली आणि बारा वाजता ही धरून पाच सवाष्णी जेवायला बसल्या. मंगळागौरीचं जेवण मुक्यानं करायचं. शेवटी तुळशीचं पान तोंडात घातलं की मौन सुटतं, मगच पानावरून उठायचं. पाचही जणी जेवल्या आणि वाट बघत बसल्या. आई तुळशीचं पान आणायला अंगणात गेली ती तिथूनच ओरडली, "अय्यो! तुळशीला एक पान नाही रे!"

"गौरीला वाहिलीत की सोळा! त्यांतलीच पाच..."

"उद्या उत्तरपूजा होईतो तिथलं काही हलवायचं नाही! मास्तर म्हणे!"

मला हसू येत होतं. तेवढ्यात फळीकडे लक्ष गेलं आणि हसू पळालं. दोन वाजता माझ्या वर्गाची परीक्षा, आणि प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा जागेवर नाही! हेडमास्तरांनी बजावलं होतं, "हा हरवला तर कायम व्हायचं विसरा."

"अगं, गठ्ठा कुठे ठेवलास?"

हिनं गौरीकडे बोट दाखवलं. मी नमस्कार केला.

"केला! आता सांग!"

हिनं पुन्हा तिकडेच बोट दाखवलं, जरा रागानं. मी साष्टांग घातला. हिनं कपाळावर हात मारला (डावा). बाकीच्या चौघी तोंडाला पदर लावून गदगदत होत्या.

"बरं, पाटीवर लिहून दे!"

"खरकट्या हातानं अक्षर लिहितात का रे?" आई कडाडली. "जा, कुठून तरी पान आण!"

देवळात तुळशीचा ढीग असतो, पण देऊळ चारपर्यंत बंद. मी शेजारच्या तमिळ मामींकडे धावलो.

"मामी, तुळशीची पाच पानं द्या!"

"आज? मंगळवारी?" मामींनी दोन्ही कान झाकले. "शिव शिव! मंगळवारी, शुक्रवारी तुळस तोडत नाहीत, वाद्यारे! तुम्ही मास्तर ना?"

"मामी, नोकरी जाईल!"

"गळलेलं असेल तर घ्या."

मी तुळशीखाली उकिडवा बसलो. पान काही गळेना. हळूच फुंकर मारली.

"फुंकायचं नाही! ते तोडल्यातच आलं!"

मग उकडतंय असं दाखवून उपरण्यानं वारा घेऊ लागलो. मामी समोरच बसून राहिल्या. अर्ध्या तासानं एक पान पडलं. एकच! ते मुठीत धरून पळत घरी आलो आणि त्याचे पाच समान भाग केले. (अपूर्णांक आयुष्यात कधी कामाला येतात, असं पोरं विचारायची!)

हिनं तुकडा जिभेवर ठेवला मात्र, सगळ्या गल्लीला ऐकू गेलं, "चौरंगाचा एक पाय आखूड आहे, म्हणून गठ्ठा त्याच्याखाली घातलाय! मी जागा दाखवतेय तर हे आपले लोटांगण घालताहेत!"

मी गठ्ठा ओढायला वाकलो.

"हात लावून तर बघ!" आई आडवी आली. "उद्यापर्यंत गौर हलायची नाही!"

रडकुंडीला येऊन शाळेत गेलो आणि खरं ते सांगून टाकलं. हेडमास्तर बराच वेळ गप्प. (म्हटलं, यांचंही मौन!)

"पेपर कुणी पाहिला तर नाही?"

"नाही सर. वर साक्षात पार्वती बसलीय."

त्यांनी डोळे मिटून हात जोडले. "मग माझ्या कपाटापेक्षा ती जागा बरी. परीक्षा उद्या घेऊ."

वर्गात असा जल्लोष झाला की शेजारच्या वर्गाचे मास्तर धावत आले. माझा जीव भांड्यात पडला, आणि पुढे मी कायमही झालो.

पुढच्या श्रावणात परीक्षा पुन्हा मंगळागौरीच्याच दिवशी आली. आदल्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी अख्खा वर्ग दारात उभा! हातांत पत्रीच्या जुड्या.

"सर, चौरंग दुरुस्त नाही ना केलात?"

मी पानं मोजली. सोळा तऱ्हा, प्रत्येकीची सोळा, बरोब्बर दोनशे छप्पन. माझ्या हाताखाली शिकून त्या पोरांचं एक तरी उत्तर पहिल्यांदाच बरोबर आलं होतं!