न दिलेली साक्ष

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पाळकांनाही नाही. माझी मुलगी पुन्हा बोलली तेव्हा मी तिथेच होतो. मी ते कानांनी ऐकलं.

खोपोलीच्या वीजघरात मी मशीनवर होतो. घाटावरच्या तलावांचं पाणी मोठ्या नळांतून खाली येतं, मशीन फिरवतं आणि नदीत सोडलं जातं. बायको नगरकडची, टंचाईच्या गावातली. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तिने कोरड्या दगडांतून पाणी चढत येताना पाहिलं आणि काठावर उभी राहून डोक्यावर पदर घेतला, प्रार्थनेला घेतात तसा. मी हसलो.

"अगं, मुंबईत लोड वाढला की आम्ही मशीन सुरू करतो. त्याचं पाणी हे."

"असू दे की," ती म्हणाली. "पण आलं ना?"

मुलगी चार वर्षांची असताना तापाने फणफणली. ताप उतरला, पण वाचा गेली. कर्जतचे डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, वाट बघा. बायको तिला रोज संध्याकाळी, पाणी सुटायच्या वेळी, नदीवर न्यायची.

एकदा ड्यूटी लवकर संपली म्हणून मी काठाकाठाने घरी निघालो. दोघी पाठमोऱ्या उभ्या होत्या. पाणी त्यांच्या पायांशी आलं आणि मुलगी म्हणाली, "आई, पाणी आलं." बायको मटकन खाली बसली. माझे हात आपोआप जोडले गेले. मग मी तसाच मागे वळलो आणि बाजारात भटकून उशिराने घरी गेलो. तिने मला तसं पाहिलेलं मला नको होतं.

घरात शेजारच्या भातशेतीवाल्या मावशी बसल्या होत्या. बायको म्हणाली, "अहो, बोलली."

"डॉक्टर म्हणालेच होते," मी म्हणालो.

"भाऊ, हसा की जरा," मावशी म्हणाल्या. "हसायला काय बिल येत नाय."

आमची मंडळी म्हणजे चार-पाच घरं. रविवारी आळीपाळीने एकेका घरी उपासना व्हायची. शेवटच्या गीताआधी ज्याला देवाने काही दाखवलं असेल त्याने उठून साक्ष द्यायची, अशी रीत. त्या रविवारी उपासना आमच्याच घरी होती. शनिवारी बायको साडीला इस्त्री करताना मनाशी वाक्यं जुळवत होती. मी विचारलं, ती पाण्यामुळे बोलली की बोलणारच होती? आणि हे देवाने केलं, तर मागच्या आळीतलं पोर त्याच तापात गेलं, ते कुणी केलं? हे प्रश्न मला स्वतःलाच कुरतडत होते. मी ते तिच्या अंगावर टाकले. वर म्हणालो, चारचौघांत हसं करून घेऊ नकोस.

रविवारी पाळकांनी विचारलं, "कुणाला साक्ष द्यायची आहे?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी गीतांच्या पुस्तकात पाहिलं. ती उठली नाही. त्यानंतर कधीच उठली नाही.

आता मुलगी सासरी आहे. तिला यातलं काही आठवत नाही. गेल्या उन्हाळ्यात मंडळीतली एक नवी नवरी आमच्याबरोबर नदीवर आली होती. पाणी चढलं तशी ती चकित होऊन म्हणाली, "काकू, एवढ्या उन्हात हे आलं कुठून?"

"मुंबईत लोड वाढला की मशीन सुरू करतात," बायको म्हणाली. "त्याचं पाणी हे."

शब्द माझे होते, सूरही माझाच. तिने पाण्याकडे पाहिलंही नाही.

माझे प्रश्न सगळे जिथल्या तिथे आहेत, उत्तर एकाचंही मिळालेलं नाही. प्रार्थनेला डोळे मिटतो, पण आत कोरडंच असतं. त्या संध्याकाळी हात जोडले गेले तेव्हा मी कसलाच विचार केला नव्हता. तसे ते पुन्हा कधी जोडले गेले नाहीत.

ती आत तांदूळ निवडते आहे. मीही तिथे होतो, हे मला तिला सांगायचं आहे. आणि मंडळीत उभं राहून, तिची मी अडवलेली साक्ष द्यायची आहे. दोन्ही अजून राहिलं आहे.