मफलरची गाठ

मामीसोबत सिनेमा पाहायचा म्हणजे शेवट आधी आणि सिनेमा नंतर. पडद्यावर कोणी नुसतं खोकलं की मामी जाहीर करायची, "हा जाते आता." आणि तो जायचाच. नायिकेच्या गळ्यातलं लॉकेट दिसलं की ती हरवलेली बहीण शोधून मोकळी. गल्लीतल्या बाया तिच्यावर भयंकर चिडत, पण टीव्ही तिच्याच घरी असल्यामुळे कोणाचा इलाज चालत नसे.

बाभुळगावजवळच्या एका खेड्यात मामाचं घर आणि कापसाचं शेत. आम्ही यवतमाळचे, वडील कचेरीत. कॉलेजला दिवाळीची सुट्टी लागली की मी बॅग उचलून मामाकडे. मामाची ओढ होतीच, पण खरं सांगायचं तर मामीची जास्त होती.

विसरू नये म्हणून पदराला गाठ मारणाऱ्या बाया आमच्याकडे घरोघरी. विरजण लावायचंय, गाठ. कोणाचं पातेलं परत करायचंय, गाठ. मामीनं हीच सवय सिनेमाला लावली. सुरुवातीला एखादी गोष्ट उगाचच दाखवली की ती पदराला गाठ मारून ठेवायची आणि पुढे ती कामी आली की गाठ सोडून आमच्याकडे असं पाहायची, जणू सिनेमा तिनंच काढलाय. "कारण नसताना कोनी काई दाखवत नाई," हे तिचं म्हणणं. एका सिनेमात शेवटपर्यंत एक गाठ सुटलीच नाही, तेव्हा आठवडाभर ती काढणाऱ्याला शिव्या घालत होती. "त्या बंदुकीचं काय केलं रे त्यानं? मी काय जन्मभर गाठ घेऊन हिंडू?"

मी सांगतेय त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी शेतात उभ्याउभ्या लाल पडली होती. जो थोडा कापूस घरात आला त्याला भाव नव्हता. सगळ्या गावाचाच आवाज उतरला होता, पण मामानं बोलणंच टाकलं. जेवायला वाढलं तर "हूं", पाणी दिलं तर "हूं". दिवसभर ओसरीवर खाटेवर आमच्याकडे पाठ करून बसायचा.

अशात माझा मामेभाऊ गजू बाभुळगावहून भाड्यानं एक सीडी घेऊन आला. कार्टूनचा सिनेमा, हिंदीत बोलणारा. एका घरातले सगळेच अचाट. बाप एका हातानं ट्रक अडवतो, आई छपरांवरून उड्या मारते, पोरगी शिंकली की गावभरचे दिवे जातात. "ही आपल्या वायरमनची पोरगी दिसते," मामी म्हणाली. आजोबांना मात्र काहीच येत नाही. भर उन्हात गळ्याला मफलर गुंडाळून ते मुकाट बसलेले. मामीचा हात पदराकडे गेला. "एवढ्या उन्हाचा हा बुढा मफलर काहून घालून राह्यला?" मारली गाठ.

आईची न मिटणारी छत्री, गाठ. छत्री कामी आली, गाठ सुटली. दुपारभर आम्ही खिळून होतो. शेवटी राक्षसानं सगळं कुटुंब पिंजऱ्यात कोंडलं, आजोबा एकटे उरले, त्यांचा हात मफलरकडे गेला आणि लाईन गेली.

बायांनी वायरमनचा उद्धार सुरू केला. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"त्या बुढ्याच्या मफलरचं काय झालं?"

मामा होता. खाट कधी वळवली, कधी उठून दारात आला, कोणाला कळलं नव्हतं. सगळ्यांनी मामीकडे पाहिलं. तिला शेवट माहीत असणारच. तिनं तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाली, "मले काय मालूम? उद्या पाहू. तुमीच पाहजा, मंग मले सांगजा."

मामीला मालूम नाही! बाया घरी जाताना एकमेकींना पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

दुसऱ्या दिवशी लाईन आली, पण सीडी गायब. मामी म्हणाली, चरे पडले म्हणून गजूनं दुकानात परत दिली. मी वरण लावायला तुरीच्या डाळीचा डबा उघडला, तर सीडी डाळीत! मी ओरडणार तोच मामीनं माझं मनगट धरलं.

"तुह्या मामानं नव्या चपला गावच्या जागल्याले देऊन टाकल्या. दोन वर्षं मी मागच्या दाराच्या कडीसाठी ओरडून राह्यली होती, ती न सांगता बसवून देल्ली. सारं आवरून राह्यला हा मानूस. कारण नसताना कोनी काई दाखवत नाई, पोरी." तिच्या पदराला दोन नव्या गाठी होत्या. "ज्याले उद्याचं काई पाह्याचं हाय, तो उद्या उठते."

 मामीनं माझ्या हातातला डबा काढून घेतला आणि फळीवर ठेवून दिला.

मग सुरू झाली मामीची खोटं बोलण्याची मोहीम, आणि तिला ते अजिबात जमत नव्हतं. कधी दुकान बंद, कधी दुकानदाराच्या घरी लग्न, आणि सांगताना कान लाल. मामा मात्र रोज विचारी, "आली का सीडी?" मग तो अंदाज बांधू लागला. बुढ्याच्या गळ्याला गाठ असेल. नाही, जखम असेल. ओसरीवर चार माणसं जमून मफलरवर वाद घालू लागली. जन्मभर मामीनं ज्यांचे सिनेमे नासवले, त्या बायांना तिनं दम भरला होता, की कुठून शेवट कळला आणि कोणी बोललं तर याद राखा.

एक दिवस मामानं दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि सायकल काढली. "मीच आनतो," म्हणाला. मामीच्या तोंडचं पाणी पळालं. संध्याकाळी तो जिलबी घेऊन परतला. "दुकान बंद होतं," एवढंच बोलला. मामीनं देवापुढे दिवा लावला.

कापसाची वेचणी संपल्यावर मी पुन्हा मामाकडे गेले, तेव्हा सीडी 'सापडली'. मामा पुढे बसला. आजोबांनी मफलर काढला आणि पहिल्यांदा बोलले, तर त्यांच्या आवाजानं राक्षसाचा बुरूज कोसळला. त्या आवाजाला भिऊनच ते इतकी वर्षं गप्प होते. "हात् तिच्या, हे तं मले सुचलंच नाई!" मामा मांडीवर थाप मारून म्हणाला. मामीनं एकेक करून सगळ्या गाठी सोडल्या.

मामी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तेराव्याला मी आणि मामा ओसरीवर बसलो होतो. विषय निघाला आणि मी डाळीच्या डब्याचं सांगून टाकलं. मामा हसला.

"मले मालूम होतं. दुकानदारच म्हने, पाटील, सीडी तं तुमच्याच घरी हाय. अन् बुढ्याचं तं मले लाईन गेली त्याच राती समजलं होतं. गप्प बसनाऱ्याचं गप्प बसनाऱ्याले समजते."

"मग बोलला का नाहीत?"

उपरण्यानं त्यानं डोळे पुसले. "तुह्या मामीच्या पोटात कधी काई राह्यलं नाई. जिंदगीत पहिल्यांदा माह्यासाठी शेवट लपवून राह्यली होती. तिचा पिक्चर मी कायले नासवू?"