माडीवाला थोया आणि आकाशातली दुर्बीण

केनियातल्या न्गोमेनीच्या किनाऱ्यावर माडी काढणारे पुष्कळ, पण लोक जमत ते थोयाच्या अंगणात. बाप माडावरून पडून गेला, तेव्हा मिसरूडही न फुटलेला थोया त्याच माडावर चढला आणि घर चालवलं. गावात सगळ्यांत उंचावरून समुद्र बघणारा माणूस मी, असा त्याचा तोरा असे. तो कुणाला खुपतही नसे.

मग इटलीवाल्यांनी अग्निबाण सोडायला समुद्रात लोखंडी मचाण रोवलं. तिथल्या होडीवर माणूस हवा होता. थोया आणि त्याचा बालमित्र काईंगु, दोघंही विचारायला गेले. घेतलं काईंगुला. त्या दिवसापासून थोयाच्या पोटात जे दुखू लागलं, ते काही राहीना. काईंगुचं पिवळं हेल्मेट दिसलं की याला जेवण जात नसे.

"तुम्ही काय कमी आहात त्याच्याहून?" बायको उमाझी समजुतीनं म्हणे, आणि हा तिच्यावरच खेकसे.

एकोणीसशे सत्तर साली, केनियाच्या स्वातंत्र्यदिनी, डिसेंबरातल्या दुपारी अग्निबाण सुटला आणि तारे न्याहाळणारी दुर्बीण घेऊन दिसेनासा झाला. थोया तेव्हा माडाच्या शेंड्यावर होता. खाली अख्खं गाव माना वर करून बघत होतं, पण याच्याकडे एकही नाही!

संध्याकाळी त्याच्याच अंगणात सगळे जमले. मध्ये काईंगु, हेल्मेटसकट.

"दुर्बिणीचं नाव ठेवलंय उहुरू. स्वातंत्र्य!"

"यंत्र अमेरिकेचं, मचाण इटलीचं," म्हातारा म्वारिंगा म्हणाला, "मग आपलं काय रे त्यात?"

"नाव आपलं, समुद्र आपला, आणि दोर ओढणारा हा गडी आपला, आजोबा!"

"दोर काय, बकरीपण ओढते," थोया म्हणाला.

"जळतोस होय रे लेका?" काईंगुनं डिवचलं.

"मी? तुझ्यावर? तोंड बघ!"

सगळे खो खो हसले. थोयानं तणतणत करवंटी भरली आणि काईंगुपुढे धरली. हसणं एकदम थांबलं.

माडी देणाऱ्यानं पहिला घोट स्वतः घ्यायचा, मग दुसऱ्याला द्यायची. यात विष नाही, याची ती ग्वाही. न चाखता दिलेल्या माडीवरून इथल्या गिरियामा जमातीत सख्खे भाऊ कायमचे तुटले आहेत. थोया खरोखरच विसरला होता. विष होतं ते त्याच्या मनात, करवंटीत नव्हतं. पण हे आता कुणाला पटणार?

"थोया, अरे आधी चाख!" म्वारिंगा ओरडला.

काईंगु थांबला नाही. करवंटी घेतली, थोयाकडे बघत एका दमात रिकामी केली आणि तोंड पुसलं.

"आज झकास उतरलीय. भर आणखी."

"दोस्त असावा तर असा!" म्वारिंगा म्हणाला. उमाझीनं पदरानं डोळे टिपले. दोस्ती वाचली, अब्रू वाचली. थोयानं पहिला घोट घेऊन दुसरी करवंटी दिली, पण तो घोट त्याला कडू लागला. नोकरी घेतली ती घेतली. मनाचा मोठेपणाही मेल्यानं आज माझ्याच अंगणात, माझ्याच माडीवर मिळवला!